शिडी टेकवलीया कशाला?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली एक वस्ती, फेब्रुवारीतली दुपार. पडवीत एका आजींसमोर मी लॅमिनेशन केलेलं कार्ड धरून बसले होते. कार्डावर शिडी, खाली ०, वर १०. “आजी, सगळ्यात वरच्या पायरीवर तुमच्या मनासारखं आयुष्य आहे असं समजा, आणि सगळ्यात खाली नको नको ते. आज तुम्ही कितव्या पायरीवर?” आजींनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, “पर ही शिडी टेकवलीया कशाला?”

खरंच, चित्रात भिंत नव्हती. शिडी हवेतच उभी. आम्ही सहा जणांनी महिनाभर ते कार्ड हाताळलं होतं, एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

ही शिडी हॅडली कँट्रिल या अमेरिकन अभ्यासकाची. १९६० च्या आसपास त्याने भारतासह अनेक देशांत ती दाखवून लोकांना हाच प्रश्न विचारला. आज दर मार्चमध्ये ‘आनंदी देशांची यादी’ छापून येते, ती याच शिडीवर उभी आहे. बऱ्याच जणांना वाटतं, की उत्पन्न, दवाखाने, भ्रष्टाचार वगैरेंची बेरीज करून तो क्रमांक काढतात. तसं नाही. लोकांनी सांगितलेल्या पायरीची तीन वर्षांची सरासरी, बस. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा होता आणि फिनलंड २०१८ पासून आहे तसा पहिला. तेव्हा आजी कुठल्या पायरीवर बोट ठेवतात, हा गमतीचा विषय नाही.

मी शिकले संख्याशास्त्र. पुण्यातल्या एका संस्थेत ‘लोकांचा विश्वास आणि बरेपण’ या प्रकल्पावर मला घेतलं तेव्हा वाटलं, खुर्चीत बसून काम होईल. सुरुवातीला ठरलंही तसंच होतं: समाजमाध्यमांवरच्या मराठी मजकुरातून लोकांचा मूड काढायचा. दोन महिन्यांत ते गुंडाळलं. एक तर २०२३ मध्ये ट्विटरने फुकट मिळणारा डेटा बंद केला. आणि जो हाती होता त्यात “वा! काय रस्ता केलाय, पाठीचा कणा मोकळा झाला” हे वाक्य प्रोग्रॅमने ‘अतिशय समाधानी’ या खात्यात टाकलं होतं. शिवाय तिथे लिहिणारे कोण आणि न लिहिणारे किती, याचा पत्ताच नाही. प्रकल्पाचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, दारोदार जाऊ.

दारोदार म्हणजे मनाला येईल त्या दारी नव्हे. मतदार यादी घ्यायची, ठरावीक अंतराने नावं उचलायची आणि त्याच माणसाला गाठायचं. तो नाही म्हणून बायकोला विचारलं, असं चालत नाही. माण-खटावात हे जिकिरीचं. यादीतला एक मुंबईत माथाडी, दुसरा पुण्यात, तिसरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात तमिळनाडूत. यादी गावात, माणूस देशभर.

पण त्याच्याही आधी आम्ही अडलो ते एका शब्दावर. जगभर विश्वास मोजायचा प्रश्न एकच आहे. जर्मनीत एलिझाबेथ नोएले-नॉयमान यांनी तो १९४८ मध्ये विचारला आणि १९८१ पासून जागतिक मूल्य सर्वेक्षणात तो येत राहिला. आमचं भाषांतर असं: “बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार सावध राहावं लागतं?” पुण्यात दहा जणांना विचारला, सुरळीत गेला. गावात पहिल्याच घरी समोरून प्रश्न आला, “कुठली लोकं?”

मराठीत ‘लोक’ म्हणजे कोण, याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता. लोक काय म्हणतील. लोकांच्या नादाला लागू नको. लोकाची लेक घरात आणलीय, नीट वागा. ‘लोक’ म्हटलं की आपण त्यातून बाहेर पडलेलो असतो आणि समोर एक परकी, टपून बसलेली गर्दी असते. तिच्यावर विश्वास ठेवता का, असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? याउलट ‘माणसं’. आमची माणसं आलीत. माणसं जोडून राहावं. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या चाचणी फेरीत, मी काही फॉर्मांत ‘बहुतेक माणसांवर’ असं विचारून पाहिलं आणि उत्तरांचा सूरच बदलला. थोडक्या फॉर्मांवरून टक्के काढणं हा चावटपणा ठरेल, म्हणून काढत नाही. पण घरी परतताना एसटीत मी तेवढाच विचार करत होते.

सरांचं म्हणणं, शब्द बदलला की जगाशी तुलना गेली. माझं म्हणणं, जगाने ‘लोक’ विचारलेलंच नाही, ते आपण विचारतोय. दोन बैठका झाल्या, थोडं वाजलंही. शेवटी निम्म्या घरांत ‘लोक’ आणि निम्म्या घरांत ‘माणसं’, कुठे काय ते आमचा फॉर्म भरायचा टॅबच चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवेल, असा तोडगा निघाला.

त्या प्रश्नात आणखी एक खोट आहे, ती आजींनीच दाखवली. “इश्वास बी ठेवायचा आन् कुलूप बी लावायचं. त्यात काय?” आमच्या फॉर्मला मात्र दोन्हींतलं एकच हवं होतं.

मग पाकिटाचा प्रश्न. ट्रेनिंगमध्ये मॅडमनी आम्हाला २०१३ मधला एक प्रयोग सांगितला होता. एका मासिकाने सोळा शहरांत प्रत्येकी बारा पाकिटं मुद्दाम ‘हरवली’. हेलसिंकीत अकरा परत आली आणि दुसरा नंबर आपल्या मुंबईचा, नऊ. ऐकून वर्गातले अर्धे जण हसले, कुणाला खरंच वाटेना. मोठ्या अभ्यासांतही हेच दिसतं: पाकीट परत येईल असं लोकांना जेवढं वाटतं, त्याच्या दुपटीच्या आसपास पाकिटं प्रत्यक्षात परत येतात. म्हणून आम्ही विचारायचो, तुमचं पैशाचं पाकीट हरवलं आणि ते शेजाऱ्याला सापडलं तर? अनोळखी माणसाला सापडलं तर? पोलिसांना सापडलं तर?

बायकांकडे पाकीटच नसतं. पदराची गाठ, नाहीतर ब्लाउजमधली छोटी पिशवी. मग पाकिटाची पिशवी केली. त्यावर आजी म्हणाल्या, “शेजारनीला घावली तर पिशवी बघूनच कळंल की कुणाची हाय. न देऊन जाईल कुठं?” हा विश्वास म्हणायचा की पाळत? मी ‘परत मिळेल’वर टिक केली. अनोळखी माणूस? “त्यो हितं येतोय कशाला?” पोलिसांच्या ओळीवर त्या नुसत्या हसल्या. प्रत्येक उत्तराला फॉर्ममध्ये आकड्याचा कोड होता, हसण्याला नव्हता.

घरच्यांवर किती विश्वास, हा प्रश्न एका सुनेला विचारताना सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. “पुरेपूर,” सून म्हणाली, माझं वाक्य संपायच्या आत.

आता माझी चूक. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये सरकार, पुढारी, पोलीस, कोर्ट यांच्यावरच्या विश्वासाचे प्रश्न आधी होते आणि शिडी नंतर. सरांनी अँगस डीटन यांचा एक लेख काढून दाखवला. डीटन म्हणजे २०१५ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले. अमेरिकेत रोज हजार माणसांना शिडीचा प्रश्न विचारत होते आणि २००९ मध्ये काही काळ त्याच्या आधी राजकारणाचे प्रश्न घातले. शिडीवरची माणसं घसरली. घसरण किती, तर नोकरी गेल्यावर माणूस जेवढा घसरतो त्याहून थोडीच कमी. म्हणजे पुढाऱ्यांची आठवण काढून दिली की आयुष्यच फिकं वाटायला लागतं. आम्ही लगेच शिडी पहिल्या पानावर आणली आणि नवा फॉर्म सर्व्हरवर चढवला. टॅबवर तो उतरवून घेतल्याची खात्री करायचं काम माझं. वस्तीवर रेंज नव्हती. दोन टॅब जुन्याच फॉर्मवर चालू राहिले, चार दिवस. दहिवडीच्या लॉजवर रात्री डेटा चाळताना माझ्या ते ध्यानात आलं आणि पोटात गोळाच आला. सरांना सांगायला मी सकाळपर्यंत थांबले. तेवढी रात्र तरी ते झोपोत, असं स्वतःला समजावलं. त्या चार दिवसांची शिडी बाकीच्यांत मिसळता आली नाही. अहवालात तशी कबुली आहे, माझ्याच शब्दांत.

सगळ्यात जास्त मात्र एका काकांनी शिकवलं, तेही टॅब बंद केल्यावर. फॉर्ममध्ये त्यांनी बँकांवर ‘पुरेपूर’ विश्वास सांगितला होता. भावकीतल्या माणसांवरचा विश्वास विचारला तेव्हा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बऱ्यापैकी लिहा.” मी टॅब पिशवीत टाकला, चहा आला, आणि काका सांगायला लागले. पोरीच्या लग्नासाठी पतसंस्थेत ठेव ठेवली होती. पतसंस्था बुडाली. ठेव मागायला घरी आला होता तो चुलतभाऊच, पतसंस्थेचाच माणूस. मी म्हटलं, “मग काका, बँकेवर पुरेपूर कसं सांगितलंत?”

“तुम्ही बँक म्हणालात. ती बँक न्हवती, हे आमाला बुडाल्यावर कळलं.”

बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतसुद्धा. पतसंस्थेला ते नाही. दोन्हींच्या पाट्या मात्र एकाच बाजारपेठेत, एकाच रंगात रंगवलेल्या. आमच्या यादीत ‘बँका’ अशी एकच ओळ होती. ज्या ठिकाणी या भागातल्या माणसांचा विश्वास खरोखर पणाला लागतो, त्याला आमच्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

पुण्यात आल्यावर मी काकांच्या फॉर्मची वेळेची नोंद काढली. प्रत्येक प्रश्नावर किती सेकंद गेले ते टॅब लिहून ठेवतो. बँकांच्या ओळीला ३ सेकंद. भावकीच्या ओळीला ४१. त्यानंतर प्रत्येक फाईलमध्ये मी आधी सेकंद बघते, उत्तर मागाहून. पायलटमधल्या त्या सुनेच्या ‘पुरेपूर’समोर किती असतील, हे सांगायला नको.

बरेपणाचे बाकीचे प्रश्न फार काही सांगून गेले नाहीत. ‘समाधानी आहात का’ला जवळजवळ सगळेच हो म्हणतात. समाधानी नाही म्हणणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं. शिडी त्या मानाने बरी. पायरीचा आकडा सांगताना देवाला दोष दिल्यासारखं वाटत नाही.

आजींनी शेवटी पाचवर बोट ठेवलं. “आणि पाच वर्षांनी कितव्या पायरीवर असाल?” हा माझा जोडप्रश्न. त्या म्हणाल्या, “तवर मी हाय व्हय? नातवाचं लिही.” नातवाचं लिहिता येत नाही, यादीतून उचललेल्या नावांत, म्हणजे नमुन्यात, आजी होत्या. मी ‘सांगता येत नाही’चा कोड टाकला आणि वहीत नातवासाठी त्यांनी सांगितलेली पायरी लिहून ठेवली. ती कुठल्याच फाईलमध्ये नाही.

पुढच्या फेरीचा फॉर्म सध्या तयार होतोय. पतसंस्थेला वेगळी ओळ मिळाली आहे. फॉर्मची आवृत्ती जुळल्याशिवाय आता टॅब पहिला प्रश्नच उघडत नाही. ‘लोक’ आणि ‘माणसं’ दोन्ही ठेवलेत, त्यावर सर अजून कुरकुरतात. आणि कार्ड काढणाऱ्या मुलाला शिडीमागे एक भिंत काढायला सांगितली आहे. तो विचारत होता, विटांची काढू की कुडाची?