तळघरातली दारू आणि बाबांचा पंखा

कोल्हापुरात गुजरीत आमचं दुकान होतं. सोनं तोलायच्या आधी बाबा पहिल्यांदा पंखा बंद करायचे. मे महिन्यात गिऱ्हाईक घामानं निथळत असलं तरी पंखा बंद. मग काचेच्या पेटीतल्या काट्याची दोन्ही पारडी स्थिर होईपर्यंत कुणी बोलायचंसुद्धा नाही.

हे आत्ता सांगतोय, कारण या हिवाळ्यात ओहायोतल्या आमच्या तळघरात मी दारू मोजत बसलो होतो. (आईला फोनवर हेच वाक्य सांगितलं आणि पुढची पाच मिनिटं तिची समजूत काढण्यात गेली.) प्यायची नव्हे, काडतुसातली.

अमेरिका आणि बंदूक म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. एच-वन-बीवर होतो तोवर मी या वाटेला गेलोच नव्हतो. ग्रीनकार्ड आलं, मग शेजारच्या आजोबांनी नेमबाजीच्या रेंजवर नेलं. आयुष्यभर टूलरूममध्ये काढलेला माणूस. आमच्यापासून फार लांब नाही तो कॅम्प पेरी, ईरी सरोवराच्या काठावर. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात. आजोबा तरुणपणी तिथे उतरायचे. आता नजर साथ देत नाही, पण काडतुसं अजून स्वतःच भरतात. स्वतःपुरती भरायला इथे केंद्राचा परवाना लागत नाही. विकायची म्हटलं की लागतो.

माझी रायफल ६.५ क्रीडमूरची. हे काडतूस २००७ मध्ये आलं, पण नाव जुनं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये क्रीड नावाच्या कुटुंबाची शेती होती, तिथे १८७३ मध्ये रेंज झाली. पुढच्याच वर्षी तिथे आयर्लंड आणि अमेरिकेचा सामना झाला, ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. त्यातला एक आयरिश नेमबाज भलत्याच लक्ष्यावर गोळी मारून बसला. बरोबर मध्यभागी, चार गुणांची! पण भलत्याच लक्ष्यावर, म्हणून शून्य. तीन गुणांनी हरले बिचारे. आज त्या जागेवर मनोरुग्णालय आहे, आणि माझी बायको म्हणते, योग्यच आहे.

आता काम काय असतं ते. झाडलेली पितळी पुंगळी साफ करायची, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ आकारात आणायची, बुडाला नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) बसवायचा, दारू मोजून ओतायची, वर गोळी बसवायची. ऐकायला सोपं. पण पुंगळीला वंगण लावायला विसरलात तर ती डायमध्ये अशी रुतते की प्रेसवर लोंबकळलात तरी निघत नाही. पहिल्याच आठवड्यात माझी रुतली. आजोबांनी ड्रिल मारून, आटे पाडून, बोल्टनं ओढून काढली. एक शब्द बोलले नाहीत, नुसती वंगणाची डबी माझ्या पुढ्यात सरकवली.

पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, किती मागे दाबायचा? दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. शिरोली एमआयडीसीत काम केलेल्याला थाऊ काय ते सांगावं लागत नाही. त्याहून जास्त दाबली तर पितळ दर वेळी ताणलं जातं आणि काही खेपांत बुडाजवळ चिरतं. पुंगळीची मान वारंवार दबून कडक होते, म्हणून ती ज्योतीवर तापवून नरम करावी लागते. ते मात्र मला कुणी शिकवलं नाही. तार ओढताना मधे मधे ताव द्यायचा असतो हे सोनाराच्या पोराला ठाऊक असतं.

दारू मोजतात ग्रेनमध्ये. इथल्या लोकांना हे माप कुठून आलं त्याचं कौतुक नाही, मला मात्र भारी गंमत वाटली. इंग्रजांनी तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. म्हणजे गुंज जेमतेम १.८७५ ग्रेन. माझी १४० ग्रेनची गोळी सव्वानऊ माशांहून किंचित जास्त भरते. आणि आम्ही भांडतो ०.१ ग्रेनवरून, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, गुंजेच्या एकोणिसाव्या भागावरून! ही दारू भुकटी नसते, पेन्सिलीतल्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तसे दाणे असतात. दोन-चार दाणे इकडचे तिकडे झाले की काटा हलतो.

किती ग्रेन ते मुद्दाम लिहीत नाही. दारू बनवणाऱ्याच्या पुस्तकात कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असतात. खालून सुरू करून चढायचं. दुसऱ्याचा आकडा आपल्या रायफलीत घालणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यानं गाडी चालवणं. प्रायमर चपटा दिसायला लागला, रायफलीचा बोल्ट उघडताना जड लागला, म्हणजे दाब फार वाढला, की थांबायचं. आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. हा आजोबांचा नियम, इथे चर्चा नाही.

तर मी ०.३ ग्रेनच्या पायऱ्यांनी भरत गेलो, प्रत्येक पायरीला तीन काडतुसं. क्रोनोग्राफनं वेग मोजले, आलेख काढला. एका जागी वेग वाढायचा थांबलेला, सपाट पट्टा, म्हणजे तिथे दारू जराशी कमीजास्त झाली तरी वेग तोच! आणि त्याच पट्ट्यात तीन गोळ्या एकाच भोकात, शंभर यार्डांवर पाव इंचाच्या आत. मी आजोबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘पुढच्या शनिवारी पुन्हा कर.’

पुढच्या शनिवारी सपाट पट्टा भलतीकडेच होता.

मी पोटापाण्यासाठी गुणवत्ता विभागात काम करतो. तीन नग मोजून अख्खी बॅच पास करणाऱ्याला मी कामावर उभा करणार नाही, आणि इथे स्वतः तेच करून नाचत होतो. दहा-दहा गोळ्यांचे गट मारले तेव्हा पायऱ्यांमधला फरक जवळजवळ विरघळला. पाव इंच गेला, पाऊण इंच राहिला. खरा आकडा हाच. पण वेगातली तफावत काही केल्या कमी होईना. शंभर यार्डांवर ती दिसत नाही; हजार यार्डांवर गोळी पंचवीस फुटांच्या आसपास खाली येते, तिथे सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला तरी नेम अडीच-तीन इंच वरखाली होतो.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता. मोबाइल टेबलावर टेकवून मी दारू मोजत होतो. काटा शून्यावर येई, मग आपोआप ०.१, ०.२, पुन्हा शून्य. बाबा चष्मा वर करून बघत होते.

“अरे, पंखा बंद कर की.”

“बाबा, इथे पंखा नाहीये. बाहेर बर्फ आहे.”

“मग वारं कुठनं येतंय? तुझा काटा श्वास घेतोय.”

वर बघितलं. फर्नेसच्या गरम हवेची जाळी बरोबर टेबलाच्या डोक्यावर. दर दहा मिनिटांनी भट्टी सुरू झाली की झुळूक थेट काट्यावर. महिनाभर मी पितळ, प्रायमर, दारू, सगळ्यांवर संशय घेतला होता.

जाळीवर पुठ्ठा चिकटवला. पुढच्या दहा गोळ्यांत वेगाचं प्रमाण विचलन १५ वरून ९ वर आलं. त्यातलं पुठ्ठ्याचं श्रेय किती आणि योगायोगाचं किती हे दहा गोळ्यांवरून ठरत नाही, म्हणून आणखी वीस भरून ठेवल्यात. थंडी ओसरली की मारीन.

बाबांना लक्ष्याचा फोटो पाठवला होता. नऊ भोकं एका झुबक्यात, एक बाजूला. बाजूच्या भोकाभोवती मी बारीक अक्षरात ‘माझी चूक, चाप ओढला’ असं लिहिलं होतं. त्यांचा लगेच फोन आला.

“ते एक वेगळं कशाला काढलंस? घट धरूनच वजन सांगायचं असतं.”