तुम्ही विचारलंत म्हणून: पाने घरी कशाला बनवतो

"एवढे नट-बोल्टाचे पाने बाजारात मिळतात, तू घरी कशाला बनवत बसतोस?" मशीनवर काम करणारे मित्र हे विचारतात, भाचा विचारतो, आणि ज्यांनी आयुष्यात कधी नट सोडवलेला नाही तेही विचारतात. बहुतेकांना उत्तर नको असतं. हा माणूस वेळ वाया घालवतोय, हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं. म्हणून मी आजवर विषय बदलत आलो. परवा मात्र घरी स्वतःचं लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, असलेल्या माणसानेच हे विचारलं. त्याला तरी हे कळायला हवं, असं मनात आलं. तेव्हा एकदाच सगळं सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. माझे रिंग पाने, फिक्स पाने, ॲलन की हे सगळं विकतचं आहे. घडवलेल्या क्रोम-व्हॅनेडियमच्या पान्याची सर माझ्या पट्टीतून कापलेल्या पान्याला येणार नाही. घडवताना पोलादातले तंतू जबड्याच्या वळणाबरोबर वळतात, पट्टी कापली की ते नेमके जबड्यापाशी तुटतात. १३ नंबरचा रिंग पाना घरी बनवणं हा वेडेपणा आहे, आणि तो मी करत नाही.

मी बनवतो ते दुकानात न मिळणारे. मिळाले, तरी माझ्या मशीनच्या त्या एका कोपऱ्यात न शिरणारे. गिअरच्या कव्हरामागचा नट, मिलिंग मशीनच्या हेडखालचा बोल्ट, जिथे पाना बसतो पण फिरायला जागा नाही अशी ठिकाणं. फिक्स पान्याचा जबडा दांड्याशी १५ अंश तिरका का असतो, हे किती जणांनी कधी बघितलं आहे? षटकोनी नट दर ६० अंशांनी स्वतःसारखा दिसतो. तिरक्या जबड्याचा पाना उलटा करून लावला की ३० अंशांची जागा पुरते. माझ्या मिलिंगच्या एका बोल्टाला तेवढीही जागा नाही. तिथे जबडा वेगळ्या कोनातच कापावा लागतो, आणि जाडी ३ मिलिमीटरवर आणावी लागते. त्यासाठी विकतचा चांगला पाना मी ग्राइंडरवर घासतो, तेव्हा बघणाऱ्यांचा जीव तुटतो. घासताना तो मी सारखा पाण्यात बुडवतो. हातात धरवेनासा झाला की थांबतो, कारण जास्त तापला की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कठीणपणा, उतरतो.

मापांचा गोंधळ वेगळाच. जुन्या इंग्रजी मशीनवरच्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या) नटांच्या पान्यावर बोल्टाचा व्यास लिहिलेला असतो, जबड्याचं माप नाही. पाव इंच लिहिलेल्या पान्याचा जबडा ०.५२५ इंचाचा, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटरचा असतो. तिथे १३ चा पाना शिरत नाही आणि १४ चा ढिला बसतो. ढिला पाना दोन-चार वेळा फिरवला की नटाचे कोपरे गेलेच. एम-१० (१० मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टाचं डोकं जुन्या जर्मन मानकात १७ चं आणि नंतरच्या आंतरराष्ट्रीय मानकात १६ चं. एकाच मशीनवर दोन्ही सापडतात, कारण मधे कोणीतरी बोल्ट बदललेला असतो. "ॲडजस्टेबल पाना घे ना," असं सुचवणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्याचा सरकता जबडा जोर लागला की किंचित मागे सरतो, आणि तेवढ्यानेच कोपरे मरतात.

पण हे सगळं मी नेहमी देतो ते उत्तर झालं. खरं कारण एका दुपारचं आहे.

लेथचा स्पिंडल, म्हणजे जॉब (कातायचा तुकडा) फिरवणारा मुख्य दांडा, किणकिणायला लागला होता. कातताना जॉबवर बारीक लाटा येत होत्या. तो ज्यावर फिरतो त्या टेपर रोलर (निमुळत्या रोलरांच्या) बेअरिंगचा ताण सैल झालाय हे उघड होतं, पण तेव्हा स्वतः हात घालायचा धीर नव्हता, म्हणून एका अनुभवी कारागिराला बोलावलं. त्याने मागचं कव्हर काढलं. आत स्पिंडलवर दोन गोल नट होते, प्रत्येकाला चार खाचा. आतला बेअरिंगला ताण देणारा, बाहेरचा त्याला अडवून ठेवणारा. असे नट फिरवायला खाचेत अडकणारा हुक पाना लागतो, आणि तो विकत मिळतोही. माझ्याकडे होता. पण नट हेडस्टॉकच्या (स्पिंडल ज्यात बसतो त्या पेटीच्या) ओतीव काठाच्या आत बसलेला, त्यामुळे हुक खाचेत जाण्याआधीच दांडा काठावर आपटत होता.

कारागिराने छन्नी काढली. मी म्हटलं, "थांबा, याला साजेसा पाना बनवू या, मग करू." तो म्हणाला, "अहो साहेब, सगळीकडे असंच करतात. दोन टोले आणि काम झालं." माझ्या हातात बॅटरी होती. मी उजेड धरला होता, आणि त्या उजेडात छन्नीची धार खाचेच्या कडेवर टेकलेली मला स्वच्छ दिसत होती. पहिल्या टोल्याला कड वाकली. दुसऱ्याला नट हलला. तिसऱ्याला कडेचा एक बारीक कपचा उडाला. कुठे गेला, ते दोघांनीही बघितलं नाही. मी शोधायला सांगितलं. तो म्हणाला, बाहेर पडला असेल.

संध्याकाळपर्यंत मशीन ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी हेडस्टॉकवर हात ठेववेना इतकं गरम झालं, आणि मग स्पिंडल गुरगुरायला लागला. बेअरिंग काढलं तेव्हा बाहेरच्या कडीवर एक ओरखडा होता, गोल, पूर्ण फेरीभर. कपचा रोलरखाली गेला होता. ज्या मशीनचं तेल मी स्वतः गाळून घालतो, ज्याच्या पट्ट्या काम संपल्यावर पुसल्याशिवाय दिवा बंद करत नाही, त्याच्या काळजात कोणीतरी लोखंडाचा तुकडा घालून गेलं. तो कारागीर वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे त्या नटासाठी पाना नव्हता, आणि तो नाही याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. मला राग आला तो या दुसऱ्या गोष्टीचा, आणि अजून येतो.

नवं बेअरिंग आणलं. आता नट मीच फिरवणार होतो. पण लेथ उघडं पडलेलं, म्हणजे पाना कातायला लेथच नाही. मग जाड भिंतीचा पाइप शोधला, ज्याच्या पोटात स्पिंडलचे आटे न घासता जातील आणि ज्याचा बाहेरचा व्यास नटाएवढा असेल. नटाच्या तोंडावर काजळी लावून त्यावर कागद दाबला, खाचांचा ठसा घेतला, तो पाइपाच्या तोंडावर चिकटवला. हॅकसॉने मधला भाग कापून चार दात ठेवले आणि कानशीने एकेक दात खाचेत बसेपर्यंत घासला. एक दात लागला की दुसरा अधांतरी. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. चारही दात एकदम टेकले तेव्हा पाइपाच्या दुसऱ्या टोकाला आरपार भोक पाडून त्यात ३०० मिलिमीटरचा दांडा घातला.

आणि मग जे हाताला कळलं, त्यासाठी मी हे सगळं लिहितोय. त्या नटाचे आटे १.५ मिलिमीटर पिचचे आहेत, म्हणजे एका पूर्ण फेरीत नट तेवढा सरकतो. नट एक अंश फिरला की फक्त ४ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) पुढे सरकतो. बेअरिंगचा ताण अशाच काही मायक्रॉनवर ठरतो. तो एक अंश ३०० मिलिमीटरच्या दांड्याच्या टोकाला ५ मिलिमीटर होतो, आणि ५ मिलिमीटर हाताला सहज कळतात. स्पिंडलच्या नाकाला बारीक हालचाल दाखवणारा डायल लावून, दांडा करंगळीएवढा सरकवून, मी ताण देत गेलो. मशीन चालवून गरम होऊ दिलं, हात ठेवून बघितलं, थोडा मागे घेतला. छन्नीच्या टोल्याने नट किती अंश उडतो, हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्या दिवशी पाना हे माझ्यासाठी मोजायचं साधन झालं. तेव्हापासून नट दिसला की मी आधी हे बघतो की त्याला किती जोर लागणार आणि तो किती बारकाईने फिरवावा लागणार, आणि दांडा त्यावरून ठरवतो.

याच हिशेबाने टूल पोस्टचा (लेथवर कातायचं हत्यार धरणाऱ्या भागाचा) पाना मी मुद्दाम आखूड ठेवलाय. ८.८ दर्जाच्या (ताकदीच्या प्रतीच्या) एम-८ बोल्टाला साधारण २५ न्यूटन-मीटरचा पीळ पुरतो. १५० मिलिमीटरच्या दांड्यावर त्यासाठी हाताचा १७ किलोचा जोर लागतो, ७५ च्या दांड्यावर ३४ चा. आखूड दांड्यावर घाईतही आटे ओढून काढता येत नाहीत. आणि चकच्या (लेथवर जॉब पकडणाऱ्या भागाच्या) चावीला मी स्प्रिंग बसवतो, हात सोडला की चावी आपोआप बाहेर पडते. चकमध्ये विसरलेली चावी मशीन सुरू होताच गोळीसारखी सुटते. याबाबत मला कोणाशीही वाद घालायचा नाही.

वेळ जातो हे खरं. काही पाने एका कामासाठी बनले आणि पुन्हा लागलेच नाहीत, तेही खरं. भाचा म्हणतो, "मामा, त्या वेळात तू दुसरं काहीतरी बनवलं असतंस." बनवलं असतं, ज्या स्पिंडलवर ते बनवायचं तो किणकिणत असताना.

ज्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही ते वेगळंच आहे, आणि ते मला कोणी विचारत नाही. दात कठीण ठेवायचे की मऊ? पूर्वी मी ठाम होतो. मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा घ्यायचा, लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवून राखेत हळूहळू थंड करायचा, मऊ झाल्यावर आकार द्यायचा, मग पुन्हा तापवून तेलात विझवायचा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढेपर्यंत तापवून त्याचा कठीणपणा थोडा उतरवायचा. असा दात कधी मरत नाही. आता वाटतं, न मरणारा दातच काळजीचा. काहीतरी वाकायचंच असेल तर ते पान्याचं वाकावं. पाना माझा आहे, पुन्हा बनवीन. स्पिंडलचा नट पुन्हा कुठून आणू? तेव्हाचा मी यावर म्हणतो: मऊ दाताची कड गोल होते, गोल झालेला दात खाचेतून वर चढतो, आणि चढताना तीच कड सोलतो जी तू वाचवायला निघालास. यावर माझ्याकडे उत्तर नाही. दात खाचेला पूर्ण रुंदीने आणि पूर्ण खोलीने भिडला तर हा प्रश्न बराचसा गळून पडतो, एवढं मात्र नक्की. म्हणून काजळी आणि कानशीवरचा वेळ मी कमी करणार नाही.

मिलिंगच्या हेडमधल्या नटासाठी नवा पाना सुरू केलाय. त्याचे दात स्क्रूने बसवलेले आहेत, एक जोडी पाणी दिलेली, एक साधी. आधी साधी लावून बघणार आहे.