आमची वाटचाल : साध्या ओट्यापासून उजळणाऱ्या देवघरापर्यंत

सुरुवात झाली ती स्वयंपाकघरातल्या ओट्यांपासून आणि बेसिनच्या काउंटरपासून. कोरियनची (Corian, कृत्रिम दगडासारखं मटेरियल) १२ मिमीची शीट कापायची, दोन भागांच्या अ‍ॅक्रिलिक गोंदाने जोडायची आणि जोड दिसेनासा होईपर्यंत घासायची. नक्षीकडे वळलो ते देवघरांमुळे. पांढऱ्या कोरियनचं, मागून उजळणारं पॅनेल आता घरोघरी हवं असतं.

हे मटेरियल म्हणजे ढोबळमानाने एक भाग अ‍ॅक्रिलिक आणि दोन भाग खनिज पूड. आरपार एकजीव, त्यामुळे कितीही खोल कोरलं तरी आत तोच रंग. लॅमिनेटमध्ये हे जमतच नाही.

खरी परीक्षा किती खोल कोरायचं याची. ९० अंशांच्या व्ही बिटची (V आकाराच्या टोकाच्या कटरची) रेष कोरलेल्या खोलीच्या दुप्पट रुंद पडते. कोरणाऱ्या मशीनचा बेड (ज्यावर शीट ठेवतो तो पाट) ०.३ मिमीने वरखाली असला, तर रेषेत ०.६ मिमीचा फरक. वेलीचं एक पान नाजूक आणि शेजारचं जाडजूड. म्हणून नक्षीआधी बेडवरचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) कटरने तासून सपाट करतोच. बिटची धार बोथट किंवा चाल मंद असली, की अ‍ॅक्रिलिक कापलं न जाता वितळतं आणि बिटला चिकटतं. बिटच्या एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त घेत नाही. आरपार जाळीला ६ मिमीचं बिट, म्हणजे आतल्या कोपऱ्यांना ३ मिमीची गोलाई आपोआप मिळते. काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो, तडा तिथूनच जातो.

उजळणारी नक्षी मागून कोरतो आणि पुढे ३ मिमी जाडी राखतो. दिवा बंद असताना पॅनेल कोरं दिसतं. एलईडी पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढंच पट्टी आणि शीटमध्ये ठेवायचं, नाहीतर प्रकाशाचे ठिपके दिसतात.

समोरून कोरलेल्या खाचेत हळद, तेल आणि उदबत्तीची राख बसते. सपाट भागावरचा डाग स्कॉचब्राइटने जातो, खाचेत ती पोहोचत नाही. म्हणून मूर्तीच्या मागचा खालचा भाग आम्ही कोराच ठेवायला सांगतो, ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी. समईही पॅनेलला खेटून नको, ज्योतीने अ‍ॅक्रिलिक करपतं.

एलईडीचा ड्रायव्हर (त्याला योग्य वीज पुरवणारा डबा) पॅनेलमागे बंद करायचा नाही. बिघडतो बहुधा तोच, आणि मग चिकटवलेलं पॅनेल उखडावं लागतं. तो खालच्या खणात, हाताशी.