वैद्यबुवांचं नाव यमाजी

बाबा सांगलीहून पहिल्यांदा सिनसिनाटीला आले, त्या उन्हाळ्यात त्यांना बेसबॉल दाखवायला नेलं. इथलं मैदान ओहायो नदीच्या अगदी काठावर. बाबांनी आधी नदी पाहून घेतली, ‘कृष्णेपेक्षा रुंद आहे’ हे जरा नाइलाजानं कबूल केलं, आणि मग खेळाकडे वळले. पिचिंगला होमर बेली होता.

‘होमर म्हणजे काय रे?’

‘होम रन. आपला सिक्सर समजा.’

‘मग हा चेंडू का टाकतोय?’

‘पिचर आहे तो. सिक्सर बसू नये म्हणूनच त्याला पगार मिळतो.’

बाबांनी शेंगेचं टरफल फोडलं, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, ‘म्हणजे वैद्यबुवांचं नाव यमाजी.’

मी इतकी वर्षं बेसबॉल बघतोय, पण मला हे सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून बेली आमच्या घरात यमाजी झाला. वास्तविक कागदोपत्री तो डेव्हिड. शिवाय 2012 आणि 2013 अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं ‘नो-हिटर’ टाकली. म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट दिला नाही. त्या दोन दिवशी यमाजींच्या हातून एकही रोगी दगावला नाही म्हणायचा.

मग बाबांना नादच लागला. रोज संध्याकाळी चहाबरोबर एक नाव हवं. पिचरनं चार चेंडू बाहेर टाकले की बॅटरला फुकटात पहिला बेस मिळतो, त्याला ‘वॉक’ म्हणतात, हे समजावलं आणि सांगितलं की बॉब वॉक नावाचा एक पिचर होता. आणि ग्रँट बॅलफोर नावाचा एक ऑस्ट्रेलियन, ज्याच्या आडनावातच ‘बॉल फोर’ ऐकू येतो. बाबा हसले, पण बेताचं. बरोबर आहे. नुसत्या उच्चाराच्या कोट्या एकदाच चालतात. गोडबोल्यांना विचारा.

खरी गंमत नाव उलटतं तेव्हा. जॉनी बेंच घ्या. ज्यांना खेळवत नाहीत ते बेंचवर बसतात. आणि हा सिनसिनाटीचा असा कॅचर, की ज्याचा मैदानाबाहेर पुतळा आहे. किंवा अर्ली विन हा पिचर. नाव ‘लवकर जिंकणारा’, आणि तीनशेवा विजय मिळाला तो 1963 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, बऱ्याच हुकलेल्या प्रयत्नांनंतर. तोच शेवटचाही.

बाबांचा आवडता मात्र प्रिन्स फील्डर. त्याचे वडील सेसिल फील्डरही खेळाडू. बापलेकांनी कारकिर्दीत प्रत्येकी बरोबर 319 होम रन मारले, ना एक कमी, ना एक जास्त. दोघांचं नाव झालं ते बॅटवर. आणि प्रिन्स तर शेवटी शेवटी टेक्सासकडून मुख्यतः नुसती बॅटिंग करायचा, फील्डिंगला दुसराच उभा. नियमातच तशी सोय आहे. ‘बॅटिंग करून पळणाऱ्याला आम्ही गल्लीत दुसऱ्या दिवशी घेत नसू,’ बाबा म्हणाले. ‘याला राजपुत्र म्हणतात होय!’

एक जोडी मी निरोपाच्या जेवणासाठी राखून ठेवली होती. एंजल्स संघाचा टिम सॅमन, 1993 चा सर्वोत्तम नवोदित. त्याच संघाचा माइक ट्राउट, 2012 चा सर्वोत्तम नवोदित. सॅमन आणि ट्राउट हे मासे प्राणिशास्त्रातही एकाच कुळातले.

‘म्हणजे सगोत्र,’ बाबा म्हणाले आणि ताटातल्या माशाकडे जरा आदरानं पाहिलं.

ते परतल्यावरही रविवारच्या फोनवर आधी यमाजींची चौकशी, मग माझी. 2018 च्या डिसेंबरात सिनसिनाटीनं बेलीला डॉजर्स संघाकडे देऊन टाकलं. फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, ‘बाबा, आपला यमाजी गेला.’

तिकडे स्वयंपाकघरात झारा पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आईचा. ‘अगं बाई! कधी? कशानं?’