काकूंच्या पिशवीतल्या तीन पावत्या

मार्च एंड संपून आठवडा झाला नव्हता तर मॅनेजर साहेबांचा सकाळपासून तिसरा फोन, की या महिन्यात ओव्हरड्राफ्टवाली होम लोन किती काढताय ते सांगा. मी 11 वर्षं नाशकात होम लोनच्या फाईली करते, बँकेत नोकरीला नाही, एजंटच म्हणा, फाईल मंजूर झाली की कमिशन. त्यामुळे साहेबांना नाही म्हणणं तसं जिवावर येतं.

त्या दिवशी पाथर्डी फाट्यावरच्या एका टू बीएचकेची फाईल होती. मुलगा अंबडच्या कंपनीत, लोन 40 लाख, 20 वर्षं, सोबत निफाडकडून आलेले आईवडील. त्याच्यापुढे दोन ऑफर होत्या. एक साधं लोन, 8.5 टक्के, वर 40 हजार कॅशबॅक, पहिले तीन हप्ते वेळेवर गेले की जमा होणार, पण तीन वर्षांच्या आत लोन दुसरीकडे हलवलं की ते परत द्यायचे. दुसरं ओव्हरड्राफ्टवालं, 8.75 टक्के, लोनच्या खात्यातच जादाचे पैसे टाकून ठेवायचे, जितके दिवस ते तिथे आहेत तितके दिवस तेवढ्या रकमेचं व्याज लागत नाही, आणि गरज पडली की काढून घ्यायचे. स्टेट बँकेचं मॅक्सगेन म्हणून हा प्रकार बऱ्याच जणांना माहीत असतो. मुलाचा मित्र इंग्लंडात आहे, तिकडे याच धर्तीवर ऑफसेट मॉर्टगेज असतं, बचत वेगळ्या खात्यात ठेवायची, तिच्यावर व्याज मिळत नाही पण कर्जातून तेवढी रक्कम वजा धरून व्याज लावतात, तर मित्राने याला सांगून ठेवलेलं की डोळे झाकून ऑफसेटच घे.

मी आधी पगाराची स्लिप बघितली. साध्या लोनचा हप्ता 34,713, तो जाऊन घरखर्च, गाडीचा हप्ता, महिनाअखेरीला हातात सात-आठ हजार. ओव्हरड्राफ्टला पाव टक्का जास्त म्हणजे 40 लाखांवर वर्षाला 10 हजार, ते नुसते भरून निघायलाच वर्षभर सरासरी 1 लाख 15 हजार तरी खात्यात पडून पाहिजेत. याच्याकडे कुठले असणार. म्हटलं कॅशबॅक घे आणि मोकळा हो. दहा मिनिटांत विषय संपला, मी चहा पण सांगितला.

तेवढ्यात काकांचा, म्हणजे मुलाच्या वडिलांचा, फोन वाजला. "किती क्रेट झाले? हां. पैसे खात्यावर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, सांग त्याला." मागे एक व्यापारी माल घेऊन पसार झालेला, तेव्हापासून काकांचा हा नियम.

माझी ट्यूब तेव्हा पेटली. विचारलं, काका, द्राक्षाचे पैसे येतात ते ठेवता कुठे? तर दोन प्लॉट मिळून, साल चांगलं असलं तर खर्च जाऊन 14 लाखांच्या आसपास, मार्च-एप्रिलमध्ये एकदम येतात. मग खरड छाटणी, औषधं, खतं असं करत करत ऑक्टोबर छाटणीपर्यंत संपत जातात. तीन लाखांचं पीककर्ज आहे पण ते मुदतीच्या आत भरलं की व्याज शून्य पडतं, त्याला हात लावायचंच कारण नाही. म्हणजे वर्षाची सरासरी धरली तरी 6 लाख पडून! मी कॅल्क्युलेटर ओढला. 6 लाखांवर 8.75 ने 52,500 वाचले, जादाचे 10 हजार वजा केले तरी 42,500, कॅशबॅक एका वर्षात भरून निघाला. साहेबांचं टार्गेट पण डोळ्यापुढे आलंच, खोटं कशाला बोलू. मी लगेच पलटी मारली आणि लॅपटॉपवर एका जुन्या खात्याचं स्टेटमेंट उघडून दाखवायला लागले.

काकांनी चष्मा वर-खाली करून बघितलं. "ताई, हे उणे काय दाखवतंय? माझे 14 लाख टाकले तर यात दिसणार कुठं?" म्हटलं, काका, दिसणार उणेच, फक्त कमी उणे, आणि किती काढता येतील ते ड्रॉइंग पॉवरवरून, म्हणजे बँकेने घातलेल्या काढायच्या मर्यादेवरून कळतं. "म्हणजे पैसे माझे, खातं पोराचं, आणि दिसतंय उणे." यावर मला पटकन काही सुचलं नाही.

काकू तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी काढली आणि एफडीच्या तीन पावत्या टेबलावर मांडल्या, प्रत्येकीच्या मागे पेनाने लिहिलेलं. खरड. औषध. ऑक्टोबर. मुदती त्या त्या महिन्याला संपणाऱ्या, सरासरी सहा टक्के. "मोडायला दोघांची सही लागती, म्हणून मोडत नाही," एवढंच बोलल्या आणि काकांकडे बघितलं. काका ट्रॅक्टरच्या शोरूमवरून नुसते जात नाहीत म्हणे, आत जातात.

मी पैसे बचत खात्यात पडून असणार असं धरूनच चालले होते, विचारलंच नाही. 6 लाखांवर सहा टक्क्यांनी 36 हजार. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, एफडीचं व्याज कराच्या मर्यादेच्या खूप खाली, काका साठीच्या पुढचे, व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म बँकेत देऊन झालेला. म्हणजे 36 हजार पूर्ण हातात आणि माझे 42,500, फरक साडेसहा हजारांचा. गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांना मी ओव्हरड्राफ्टच दिलं होतं, पण ते 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, त्यांच्या एफडीचे सहाचे कर जाऊन सव्वाचार पण उरत नाहीत. तोच हिशोब मी इथे घेऊन बसले होते.

"आणि अवकाळीने झोडपलं त्या साली?" काकूंनीच विचारलं. त्या साली खात्यात टाकायला काही नाही, आणि पाव टक्का मात्र जातच राहणार. मग पाचातली दोन सालं गेली असं धरून परत मांडलं. ओव्हरड्राफ्टचे तीनदा 52,500 मधून पाच वर्षांचे 50 हजार वजा, 1 लाख 7 हजार 500. पावत्यांचे तीनदा 36 हजार आणि कॅशबॅकचे 40 हजार, 1 लाख 48 हजार. दोनदा तपासलं. मुलगा हिरमुसला, त्याला मित्राला काय सांगू झालं असणार.

फाईल साध्या लोनची केली. संध्याकाळी साहेबांचा फोन, किती झाले? म्हटलं आज शून्य. तिकडून नुसतं हं आलं.

जाताना काकूंनी विचारलं की ते 40 हजार परत मागायची मुदत नक्की कधी संपती, म्हटलं लोन उचलल्यापासून तीन वर्षं. त्यांनी माझंच पेन घेतलं आणि त्या पिशवीवर लिहून ठेवलं.