चुंबक काढलं की शांतता

पुतणीच्या मॅपिंगसाठी आज खानापूरहून बेळगावला गेलो होतो. मॅपिंग म्हणजे तिच्या कॉक्लियर इम्प्लांटच्या (ऐकू यावं म्हणून कानात आत बसवलेल्या यंत्राच्या) प्रत्येक इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा ते ठरवणं. कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते, त्या शंखात तिची ही 22 इलेक्ट्रोडची टोकं. निसर्ग तिथे आवाज टिपणाऱ्या साधारण 3,500 आतल्या केसपेशी देतो! एवढ्या तुटपुंज्या सामानावर मेंदू बोलणं ओळखतो, हे मला अजून पटत नाही.

शंखाच्या तोंडाशी उंच स्वर, आत टोकाकडे खर्ज. बाहेरचा प्रोसेसर आवाजाची तशीच वाटणी करून, डोक्यावर चुंबकानं चिकटलेल्या कॉइलमधून आत पाठवतो. आतल्या चिपला बॅटरीच नाही, वीजही त्याच वाटेनं मिळते. (बाहेरची बॅटरी चार्ज करायची आणि आमच्याकडे लाईट जायची वेळ एकच, ते सोडा.) कार्व्हर मीड आणि रिचर्ड लायन या संशोधकांनी 1988 मध्ये शंखाची नक्कल करणारी सिलिकॉन चिप केली होती, हे परवाच वाचलं.

मॅपिंग करणाऱ्या मॅडम कानडीत विचारत होत्या, वहिनी मराठीत उत्तर देत होत्या. पोरगी बीप ऐकली की ठोकळा डब्यात टाकायची. एक बीप जोरात लागली तशी माझ्याकडे वळली, "काका, ह्यांना सांग की, हळू करा म्हणून!"

येताना बसच्या हॉर्नला वैतागून तिनं डोक्यावरचं चुंबक काढून खिशात टाकलं. बाकी आम्ही सगळे ऐकत बसलो.