खाडीच्या अलीकडचा किल्ला

१९५५ साली मी पाचवीत होतो. भूगोलाच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर तेरेखोलची खाडी काढली. पलीकडे गोवा, अलीकडे आपण. मग खडूने अलीकडच्याच काठावर एक ठिपका दिला. तो तेरेखोलचा किल्ला. मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेला. म्हणजे रेडीहून चालत जावं इतक्या जवळ, खाडी न ओलांडता, परकं राज्य!

आमच्या वाडीच्या सड्यावरून रात्री तिथला दिवा दिसायचा. भारतासारख्या एवढ्या मोठ्या देशाच्या अंगणात ही मूठभर शिपायांची चौकी. नेहरूंना लष्कर घालायचं नव्हतं, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारला गोवा सोडायचा नव्हता. ओढाताण व्हायची ती आमच्यासारख्यांची. आत्या पलीकडे केरीला दिलेली. आजी म्हणायची, "माझा चेडू थंय आसा, आणि मधी हे पाखले." पाखले म्हणजे पोर्तुगीज.

त्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रही निःशस्त्र गोव्यात शिरले. सीमेवरच्या पत्रादेवीला गोळीबार झाला, तेरेखोलला झाला. वीसहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले, हजेरी घेतली नाही. फळ्यावर फक्त 'हिरवे गुरुजी' असं लिहिलं. तेरेखोलला पडले होते. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "कुठल्या शाळेतले?" गुरुजी म्हणाले, "पनवेलचे." आणि बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर पाऊस कोसळत होता. गुरुजींवर कोणी गोळी झाडू शकतं, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

त्यानंतर सरकारने सीमा बंद केली. आत्याचं माहेरपण तुटलं.

मी अकरावीत असताना, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्य गोव्यात गेलं. पोर्तुगीजांकडे तीन-साडेतीन हजार सैनिक. शेवटपर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो पाळला नाही, १९ तारखेला शरणागती पत्करली. ४५१ वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली. त्या हुकूम मोडण्याने कितीतरी जीव वाचले, दोन्हीकडचे. हे मला आजही मोठं वाटतं.

आत्या होडीने आली. आजीने दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

नाताळच्या सुट्टीत गुरुजी आम्हा अकरावीच्या मुलांना घेऊन तेरेखोलला गेले. वाटभर बोलले नाहीत. किल्ल्याच्या दारात त्यांनी चपला काढल्या. मग आम्हीही काढल्या.